अडचणीतल्या स्क्रूसाठी काय घ्यावं: लांब, बुटका, झेड की रॅचेट?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली आणि इंजिनं उघडलेली. मालवणात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पंप, मिक्सर, होडीचं इंजिन, जे येईल ते करतो. या दोन महिन्यांत सगळ्यात जास्त कानावर येणारं गाऱ्हाणं एकच, स्क्रू समोर दिसतो पण सुटत नाही. परवा शेजारचा मुलगा आला. आयटीआय करून त्याने नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं आहे. "काकानू, स्क्रू दिसता, पण हात काय पोचना नाय. खयचो स्क्रू ड्रायव्हर घेऊ?"

मी त्याला विचारलं, आडवं काय येतंय? कारण अडचणी तीन तऱ्हेच्या असतात आणि प्रत्येकीचं हत्यार वेगळं आहे. स्क्रू अरुंद भोकाच्या तळाशी असतो, किंवा स्क्रूच्या डोक्यावर ड्रायव्हर उभा करायला उंची नसते, किंवा मध्ये काहीतरी आडवं असल्याने सरळ रेषेत जाताच येत नाही. हे ठरल्याशिवाय दुकानात गेलात तर दिसायला छान असा तीस-चाळीस बिटांचा, म्हणजे मुठीत बदलून लावायच्या सुट्या टोकांचा डबा घेऊन परत येता.

खोल भोकासाठी लांब ड्रायव्हर, यात दुमत नाही. प्रश्न असतो तो अखंड दांड्याचा घ्यावा की एक्स्टेन्शन लावून बिट वापरावं हा. मिक्सर उलटा करून बघा. बुडाचे स्क्रू प्लास्टिकच्या नळकांड्यात चांगले दोन-तीन इंच आत असतात. बिटाचा षटकोनी दांडाच ६.३५ मिलिमीटरचा, त्यावर एक्स्टेन्शनची बोंडी त्याहून कितीतरी जाड. ती भोकाच्या तोंडाशीच अडते. पीएच २ च्या, म्हणजे २ नंबरच्या फिलिप्स फुलीच्या, अखंड ड्रायव्हरचा दांडा साधारण ६ मिलिमीटर असतो, पीएच १ चा त्याहून बारीक. तो सरळ आत उतरतो. म्हणून खोलीसाठी मी डोळे मिटून अखंड दांडा सांगतो, आठ ते दहा इंची. एक गैरसमज इथेच काढतो. दांडा लांब म्हणून जोर जास्त लागतो असं नाही. पिळायचा जोर मुठीच्या जाडीतून येतो. लांबीचा फायदा एवढाच की हात मोकळ्यावर राहतो आणि ड्रायव्हर तिरका झाला तर लगेच कळतं.

उंची कमी असेल तिथे तिघांची स्पर्धा आहे. बुटका ड्रायव्हर सगळ्यात स्वस्त. मुठीसकट साडेतीन-चार इंच. तेवढी जागा असेल तर दुसरं काही शोधू नका, कारण तळहात मागून दाबता येतो आणि टोक खाचेत बसून राहतं. मूठ मात्र जाडच घ्या. बारीक मुठीचा बुटका ओल्या हातात नुसता फिरतो, आणि आमच्याकडे पावसाळ्यात हात कोरडा असतोच कधी?

चार इंचही नसतील तर झेडच्या आकाराचा, म्हणजे दोन्ही टोकं काटकोनात वळवलेला. चपट्या खाचेचा असेल तर त्याची दोन पाती एकमेकांना आडवी असतात. एका टोकाने पाव फेरा द्यायचा, उलटवायचा, दुसऱ्या टोकाने पुढचा पाव फेरा. काम हळू होतं, पण त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. खारं पाणी लागलं तरी पुसलं की झालं. तिसरा रॅचेट, आडव्या दांड्याला छोटं बिट लावायचा. तो एका दिशेला पिळतो, उलट दिशेला नुसता टिकटिक करत मागे येतो. ७२ दात्यांचा असला तर दर टिकेला ५ अंश फिरतो, म्हणजे बोटभर हालचालीत स्क्रू निघतो. मला रॅचेट फार आवडतो आणि रोजचं काम असणाऱ्याने तो घ्यावाच. पण बिट धरून त्याला दीडेक इंच उंची लागते, आणि आतल्या दात्यांत खारट ओल गेली की तो अडकायला लागतो. घरी वर्षातून चारदा लागणार असेल तर झेड पुरेसा आहे.

वाकणारा, स्प्रिंगच्या दांड्याचा ड्रायव्हर लोक कौतुकाने घेतात. आड वळणावर तोच पोचतो हे खरं. पण घट्ट स्क्रूवर दांडा स्वतःच पीळ खातो, आपण अर्धा फेरा देतो तरी टोक जागचं हलत नाही, आणि मग एकदम निसटतं. पंपाच्या पाइपची क्लिप सैल करायला, सात किंवा आठ मिलिमीटरचं सॉकेट लावून, तो उत्तम. गंजलेल्या स्क्रूवर लावूच नका.

आता टोकाविषयी, कारण खरं नुकसान तिथे होतं. सुरुवातीच्या वर्षांत एका आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनाचा, कार्बोरेटर माझ्याकडे आला होता. खालच्या वाटीचे चार स्क्रू, फुलीच्या खाचेचे. नेहमीचा फिलिप्स लावला, दाबला, फिरवला. टोक वर चढल्याचं मुठीत कळलं, करकर आवाज आला आणि खाचेच्या जागी गोल चकचकीत खड्डा उरला. ड्रिल मारून स्क्रू काढावा लागला, त्यात ॲल्युमिनियमचे आटेही गेले. कारण नंतर उमगलं. यामाहा, सुझुकीसारख्या जपानी यंत्रांवरची फुली जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाची असते. दिसायला फिलिप्ससारखीच, पण फिलिप्सचं टोक तिच्या तळाला आधी टेकतं आणि बाजू नीट धरत नाहीत. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, ती ओळख. जेआयएस ड्रायव्हर साध्या फिलिप्स स्क्रूलाही चालतो, उलट मात्र चालत नाही. तेव्हा होडी, जुनी मोटरसायकल, जपानी पंप यांची कामं असतील तर एकच फुली घ्यायची झाल्यास जेआयएसची घ्या. फर्निचरच्या स्क्रूवर फुलीच्या मधे बारीक रेघांची दुसरी फुली दिसली तर ते पोझिड्राइव्ह. त्याला पीझेड लिहिलेलंच टोक हवं.

लोहचुंबकाच्या टोकावर किनाऱ्यावरच्या माणसाने फार विसंबू नये. गावात वर, घराच्या कामात ते सोयीचं आहे, लोखंडी स्क्रू टोकाला चिकटून जातो. होडीवर बहुतेक स्क्रू पितळेचे किंवा ३०४, ३१६ जातीच्या स्टेनलेसचे. त्यांना चुंबक जवळजवळ धरतच नाही. इंजिनाखालच्या फटीत असा स्क्रू पडला की दुपार गेली. तिथे दोन फाळ्यांचं पातं खाचेत फाकून स्क्रू पकडणारा ड्रायव्हर मिळतो, तो चपट्या खाचेला घ्या. फुलीला टोकावर ग्रीसचा ठिपका लावून स्क्रू चिकटवला तरी काम भागतं. मी वर्षानुवर्षं तेच करतो.

विजेचं काम करणाऱ्यासाठी वेगळा नियम. दांडा टोकापर्यंत आवरणाखाली असलेला आणि १००० व्होल्टची खूण छापलेलाच. टेस्टरने स्क्रू पिळू नका, त्याचं काम ते नाही. आणि मेन स्विच आधी बंद.

आता जपणूक. मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे खाऱ्या हाताने हाताळलेलं हत्यार उन्हात वाळल्यासारखं दिसलं तरी रात्री पुन्हा दमट होतं. नुसतं पुसून मीठ जात नाही. होडीवरून आलं की गोड्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग मशीन ऑइलचा बोळा दांड्यावरून फिरवायचा. आपल्याकडे हाताशी खोबरेल असतं, अडीअडचणीला चालतं, पण दिवस गेले की चिकट होऊन धूळ धरतं. मुठीला तेल लागू देऊ नका, लागलं तर साबणाने धुवा. कातडी पिशवीत किंवा ओल्या गोणपाटात हत्यारं बांधून ठेवली तर जूनमध्ये ठेवलेली श्रावणात लाल झालेली सापडतात. घट्ट झाकणाचा डबा, आत तेलाचं फडकं आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या, एवढं पुरतं. रॅचेटमध्ये दाट ग्रीस भरू नका, पातळ तेलाचे दोन थेंब घाला.

चपटं टोक गोल झालं तर कानशीने पुन्हा सरळ करता येतं. सावकाश घासा. ग्राइंडरवर निळं पडलं की पोलाद मऊ झालं. फुलीचं टोक झिजलं तर मात्र ते टाकून द्या. दोनशे रुपयांचा ड्रायव्हर वाचवताना हजाराच्या भागाचे आटे जातात. आणि ड्रायव्हरने छिन्नीचं, पहारीचं काम करू नका. त्याने वाकलेला दांडा पुन्हा खोल भोकात सरळ जात नाही.

ॲल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा स्क्रू बसून पांढरी भुकटी दिसत असेल तर कोणताही ड्रायव्हर एकटा पुरणार नाही. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला हलवा, मग सोडवा. त्यानेही नाही तर हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, पण भोवतालचा भाग ठोका सोसेल एवढा भक्कम असेल तरच. बसवताना आट्यांना अँटी-सीझ, म्हणजे आटे जखडू न देणारा लेप लावा, म्हणजे पुढच्या जूनला हीच लढाई पुन्हा नाही.

त्या मुलाने शेवटी घेतला आठ इंची अखंड दांड्याचा जेआयएस २, जाड मुठीचा बुटका आणि एक झेड. रॅचेट नारळी पौर्णिमेनंतर, हातात पैसे आले की. बिटांचा डबा त्याने दोनदा उचलून बघितला आणि परत ठेवला.