ट्रकचे कागद क्लीन, पण वरच्या खोक्याचं काय? पिकअप कॅम्पर घेताना आम्हाला कसं गंडवलं

अमेरिकेत राहणाऱ्या आणि पिकअपवर कॅम्पर टाकून देशभर फिरायचं डोक्यात असलेल्या मंडळींसाठी लिहितोय. आरव्ही म्हणजे राहायची सोय असलेली गाडी म्हणलं की आपल्याला ती बसएवढी मोठी गाडी नाहीतर मागं ओढायचा ट्रेलर आठवतो, पण ट्रक कॅम्पर ही तिसरीच भानगड आहे. पिकअपच्या मागच्या हौद्यात एक खोली ठेवायची, आत बेड, शेगडी, फ्रिज, छोटा बाथरूम सगळं, आणि पाहिजे तेव्हा चार कोपऱ्यांच्या जॅकवर ती खोली उचलून ट्रक खालून काढून घ्यायचा. कल्पना फर्स्टक्लास आहे, अजूनही आवडते. पण एक लक्षात घ्या, ट्रकला व्हीआयएन म्हणजे सतरा अक्षरी चॅसिस नंबर असतो, टायटल म्हणजे मालकीचा सरकारी कागद असतो, आधीच्या नोंदींचा हिस्टरी रिपोर्ट असतो, आणि त्या वरच्या खोक्याला बऱ्याच राज्यांत टायटलच नसतं, कारण सरकारच्या लेखी ते ट्रकवरचं सामान. मग ते कुठल्या साली बनलं, किती वेळा गळलं, कुणाकडून कुणाकडे गेलं, याचा कुठंच पत्ता लागत नाही. आम्हाला लुटलं ते नेमकं या फटीतून.

आम्ही दोघं आयर्विंगला, डॅलसजवळ राहत होतो. दोघांचंही काम घरून, भाडं वर्षागणिक वाढतंय, म्हणून लीज संपल्यावर सामान स्टोरेजमध्ये टाकायचं आणि युटा, मग पॅसिफिकचा किनारा, मोंटाना करत ग्रेट लेक्सकडून परत यायचं असा प्लॅन. ॲरिझोनात मेसा म्हणून गाव आहे फीनिक्सजवळ, तिथली एक जाहिरात सापडली. फोर्डचा डिझेल पिकअप, क्रू कॅब म्हणजे चार दारांचा एफ-३५०, वर २०१८ चा कॅम्पर, दोन्ही मिळून ४३,००० डॉलर. भाव फार कमी नव्हता बरं का. फसवणारा माणूस अर्ध्या किमतीत विकतो हा आपला समज आहे, हुशार असतो तो बाजारभावापेक्षा जरासाच खाली येतो म्हणजे तुम्ही घासाघीस करण्यातच गुंतता.

माणूस बोलायला एकदम गोड. बायको आजारी आहे म्हणून विकतोय, तुम्ही फॅमिलीवाले दिसता, ब्रदर तुमच्या हातात गाडी गेली तर मला बरं वाटेल, वगैरे. आधीच फोनवर हिस्टरी रिपोर्टची पीडीएफ पाठवली, ॲक्सिडेंट नाही, पुराची नोंद नाही, कर्ज नाही, वर मोठ्या अक्षरात एफ-३५०. आता पीडीएफ कुणीही एडिट करू शकतं हे शेंबडं पोरही सांगेल, पण समोरच्याने पन्नास पानांचा सर्व्हिस रेकॉर्डचा गठ्ठा पण पुढे केला की माणूस एका पानाकडे संशयाने बघत नाही, हाच तर त्यांचा धंदा.

ट्रकच्या दोन्ही बाजूला एफ-३५० चा बॅज होता. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर दोन स्टिकर असतात, एक पांढरा, ज्यावर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन आणि प्रत्येक एक्सलची मर्यादा असते, आणि एक पिवळा, ज्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन टाकता येतं ते लिहिलेलं असतं. इथं दोन्ही गायब. गंज लागला होता म्हणून तेवढा भाग पेंट करून घेतला म्हणाला, आणि पेंट खरंच नवा होता. तो ट्रक एफ-३५० नव्हताच. एफ-२५० होता, बॅज बदललेले. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, वजन पेलायच्या आकड्यात मात्र चांगलाच फरक. आणि हे काचेखालच्या व्हीआयएनमध्ये सरळ लिहिलेलं असतं: फोर्डच्या या ट्रकला पाचव्या जागेपासून डब्ल्यू२बी असेल तर २५०, डब्ल्यू३बी असेल तर ३५०, फोर बाय फोर क्रू कॅबची गोष्ट करतोय. सरकारी हायवे सेफ्टी खात्याचा व्हीआयएन डीकोडर फुकट आहे, सतरा अक्षरं टाकली की मॉडेल बाहेर पडतं.

पैशाचा भाग ऐका. विकणारा म्हणाला की बिल ऑफ सेलवर, म्हणजे खरेदीच्या पावतीवर, ट्रक २८,००० दाखवू, कॅम्परला कागद नसतातच, ते १५,००० रोख द्या आणि बिलात "कॅम्पर सोबत, किंमत शून्य, आहे तसा" एवढं लिहू, तुमचा टेक्सासचा सव्वासहा टक्के टॅक्स वाचेल. नऊशेच्या वर डॉलर वाचणार या हिशोबात आम्ही खूश. त्या एका ओळीने कागदावर आमच्या कॅम्परची किंमत शून्य झाली. नंतर वकिलाने विचारलं की नुकसान किती, तर दाखवायला काय, बिल तर म्हणतंय फुकट मिळाला. टेक्सासच्या जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या कोर्टात, २०,००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, आकडा बसत होता, पण पुरावा शून्य आणि माणूस दुसऱ्या राज्यात.

टायटल. सांगलीला असताना गाडी घेताना आरसी बुकवर एचपीची म्हणजे कर्जाची नोंद बघायची, बँकेची एनओसी मागायची आणि नावावर करायच्या टीटी फॉर्मवर आधीच सह्या करून ठेवलेली एजंटची गाडी असेल तर चार हात लांब राहायचं हे वडिलांनी शिकवलेलं. इथं तोच प्रकार आहे, नाव ओपन टायटल. टायटलवर नाव दुसऱ्याच कुणाचं, सही झालेली, घेणाऱ्याचा रकाना रिकामा. तो म्हणाला माझा मेव्हणा आहे, मिलिटरीत आहे, सही करून गेलाय. प्रत्यक्षात हा बिगर लायसनचा डीलर, गाड्या उचलायच्या, स्वतःच्या नावावर न करता पुढे ढकलायच्या. हे बेकायदा आहे. ॲरिझोनाचं कागदी टायटल असेल तर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते हे तिथल्या लोकांना माहीत असतं, पण हे टायटल तिसऱ्याच राज्याचं, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही.

निघालो आय-१० हायवेवरून घरी. लॉर्ड्सबर्गच्या अलीकडं न्यू मेक्सिकोत कोरड्या तळ्याचा भाग आहे, तिथं धुळीची वादळं येतात म्हणून रस्त्यावर पाट्याच लावलेल्या आहेत. वादळ नव्हतं, साधा आडवा वारा होता, तरी गाडी अशी डोलायला लागली की बायकोने दाराचं हँडल सोडलंच नाही. पंचेचाळीसच्या वर जायची हिंमत होईना. मागच्या स्प्रिंगजवळ एअरबॅग म्हणजे हवेच्या पिशव्या बसवलेल्या होत्या, त्यात हवा भरून ट्रक सपाट दिसत होता, म्हणून विकताना काही कळलं नव्हतं. एअरबॅगने गाडीची बूड वर येते, एक्सल, ब्रेक, टायर यांची ताकद एक पौंडानेही वाढत नाही.

पुढच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल होता. मोठे ट्रकवाले वजन करतात तोच काटा, पंधरा-वीस डॉलरच्या आत काम होतं, पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि टोटल अशी स्लिप मिळते. आमची आली ११,९६० पौंड, त्यातले मागच्या एक्सलवर ७,४८०. नंतर व्हीआयएनवरून फोर्डच्या डीलरकडून कळलं की गाडीची एकूण मर्यादा १०,०००, आणि मागच्या एक्सलची साधारण ६,३००. एक्सल सोडा, टायर बघा. २७५/६५ आर १८, लोड रेंज ई, एकाची क्षमता ८० पीएसआयला ३,४१५ पौंड, म्हणजे मागचे दोन मिळून ६,८३०. आम्ही टायरच्या ताकदीच्याही साडेसहाशे वर, हायवेवर, उन्हाळ्यात. टायरवर डीओटीच्या पुढचे शेवटचे चार आकडे बघितले तर २३१५, म्हणजे २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी झकास होती, वय झालेलं होतं.

एवढं वजन आलं कुठून? जाहिरातीत २,६०० पौंड लिहिलं होतं. ते ड्राय वेट, म्हणजे कंपनीतून रिकामा निघाला तेव्हाचं, पाणी नाही, गॅस नाही, बॅटऱ्या नाहीत, बहुतेक वेळा एसी आणि बाहेर उघडायचं छत (ऑनिंग) पण धरलेलं नसतं. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड, चाळीस गॅलनची टाकी भरली की तिथंच तीनशेच्या वर. आणि आमच्या केसमध्ये अजून एक गोष्ट होती, कॅम्परच्या भिंती पाणी पिऊन बसल्या होत्या.

ते कळलं लास क्रूसेसच्या पुढं, कॅम्पग्राउंडवर. ट्रक मोकळा करावा म्हणून जॅक खाली सोडले, चारही बटणं एकदम दाबून कॅम्पर हळूहळू उचलतोय, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यातून करकर असा आवाज. बघतो तर जॅकचा ब्रॅकेट भिंतीतून बाहेर येतोय, स्क्रूसकट. पटकन उलटं बटण दाबलं, खोकं परत हौद्यात बसलं म्हणून वाचलो, नाहीतर सगळं ट्रकच्या साइडवर कलंडलं असतं. बोटाने तो स्क्रू ओढला तर हातात आला, आणि भोकातून चहात जास्त वेळ बुडवलेल्या पारलेसारखं लाकूड निघालं. काळं, ओलं, वास येणारं. बघायला गेलो होतो तेव्हा आत लिंबाच्या एअर फ्रेशनरचा वास होता, तो कशासाठी होता ते आत्ता कळलं.

तिथल्या एका जागेवर येऊन दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकने, म्हातारे गृहस्थ होते, फार सज्जन, आतलं पॅनेल सोललं. जुन्या कुजलेल्या प्लायवर नवीन पातळ पॅनेल चिकटवलेलं, खालून दाबलं की लगेच आत जातं. टपावर पांढरं कोटिंग जाड थापलेलं, एकदम चकचकीत, आम्ही मेसाला शिडीवर चढून बघितलंही होतं आणि वाटलं वा, मेंटेन केलाय. ते म्हणाले की एवढ्या वयाच्या कॅम्परचा टप नवाकोरा दिसला की मी आधी घाबरतो, जुना सीलंट दिसला पाहिजे, कुठं डागडुजी केली ते दिसलं पाहिजे, सगळ्यावरून सपाट पांढरं फिरवलंय म्हणजे खाली तडे आहेत. मग त्यांनीच फ्रिजच्या बाहेरची जाळी काढून लेबल दाखवलं. फ्रिज २००८ चा, भट्टी म्हणजे आतला हीटर २००८ चा, एसीची पण तीच तऱ्हा. दाराशेजारी सीरियल नंबरची प्लेट असते तिथं चार रिव्हेटची भोकं आणि त्यावर "हॅपी कॅम्पर" चं स्टिकर. २०१८ चा म्हणून दहा वर्षं जुना माल गळ्यात मारला.

मेसाच्या माणसाचा फोन पहिले दोन दिवस लागला, आहे तसा घेतलात ब्रदर एवढंच म्हणाला, नंतर नंबर बंद. टेक्सासला काउंटीच्या टॅक्स ऑफिसात टायटल नावावर करायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी कागद उजेडात धरला आणि घेणाऱ्याच्या रकान्यात आधी कुणाचं तरी नाव लिहून खोडल्याचं दाखवलं. खाडाखोड झालेलं टायटल चालत नाही. शेवटी बाँडेड टायटलचा मार्ग, म्हणजे गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड काढायचा, तीन वर्षांत कुणी खरा मालक उभा राहिला तर त्याला त्यातून भरपाई. बाँडचा हप्ता तेवढा मोठा नसतो, पण धावपळ आणि डोकेदुखी भरपूर. पोलिसात तक्रार दिली, ॲरिझोनाच्या अटर्नी जनरलच्या ऑफिसकडे पण दिली, पोच मिळाली, पैसे नाही. घर सोडून दिलेलं होतं त्यामुळे तेवढे दिवस हॉटेलात.

कॅम्पर सुट्या भागांत विकला, तीन जॅक, शेगडी आणि एसी चांगले होते. ट्रक ठेवला, इंजिन खरंच उत्तम आहे, आणि त्याच्यावर आता एक पॉपअप कॅम्पर आहे, टप वर उचलायचा कापडी भिंतीवाला, भरून दोन हजार पौंडांच्या आत. त्यात बाथरूम नाही, बायको अधूनमधून टोमणे मारते. पण युटात बीएलएम या केंद्र सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर राहून आलो, फुकट असतं, साधारण चौदा दिवसांची मर्यादा असते, मोआबच्या बाजूला काही ठिकाणी नियम वेगळे आहेत ते आधी बघा.

हा दुसरा घेताना काय केलं ते सांगतो. तीस-चाळीस डॉलरचं ओलावा मोजायचं मशीन नेलं आणि बेडच्या पुढचे कोपरे, खिडक्यांच्या खालची कड, चारही जॅकच्या मागची भिंत अशी सगळीकडे टोचून बघितली. हौद्याच्या दोन्ही बाजूला कॅम्परचा जो पंखासारखा भाग बाहेर येतो तो खालून अंगठ्याने दाबला, पाणी तिथं उतरून बसतं. ट्रकही घेत असाल तर हिस्टरी रिपोर्ट स्वतः पैसे भरून काढा, चोरीची नोंद बघायला एनआयसीबी या विमा कंपन्यांच्या संस्थेचा व्हीआयएनचेक फुकट आहे तो करा, आणि ट्रकचं आणि कॅम्परचं बिल वेगवेगळं घ्या. आम्ही विकणाऱ्याला सांगितलं की काट्यावर नेऊन वजन करू, पैसे मी देतो. तो लगेच तयार झाला. कॅम्परच्या बिलावर सीरियल नंबर, साल आणि पूर्ण किंमत, आणि पैसे बँकेत त्याच्यासोबत जाऊन कॅशियर चेकने, म्हणजे बँकेनेच काढलेल्या चेकने. न्यू जर्सीच्या एका ओळखीच्याने न बघताच गाडी धरून ठेवायला म्हणून झेल (Zelle) या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेने डिपॉझिट पाठवलं होतं, विकणारा म्हणे सैन्यात, गाडी शिपिंग कंपनीच्या गोडाऊनला. गाडी नव्हतीच. झेलने गेलेले पैसे परत येत नाहीत असंच धरून चला.

कुणी असा ट्रक बघत असेल आणि व्हीआयएन किंवा काट्याची स्लिप कशी वाचायची कळत नसेल तर खुशाल पाठवा, मी बघून सांगेन. फक्त सगळ्यांसमोर टाकताना व्हीआयएनचे शेवटचे सहा आकडे झाका, मॉडेल कळायला पहिली आठ अक्षरं पुरतात.