ड्राय मोड की डीह्युमिडिफायर? गोव्याच्या पावसाळ्यापुरतं बोलूया

एप्रिल-मेचा प्रश्न इथे नाही. तेव्हा फोंड्यात झोपायचं तर एसी हवा, त्यावर वाद नको. माझा प्रश्न जून ते चवथीपर्यंतचा, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंतचा. बाहेर पंचवीस-सव्वीस अंश, म्हणजे उकाडा असाही नाही, पण चादर ओलसर, काडेपेटी पेटत नाही, चामडी पट्ट्यावर हिरवी लव. अशा दिवसांत घरातल्याच एसीचा ड्राय मोड वापरावा की वेगळं डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, आणावं? मी दोन पावसाळे पहिलं करून पाहिलं, आता दुसरं करतो.

आर्द्रता मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, मिठाची वाटी आहे. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मिठाला पाणी सुटतं. बुरशीलाही साधारण तिथूनच जोर चढतो, त्यामुळे वाटी पुरते. शिवाय खोलीत तबला आहे, तो मिठाच्याही आधी सांगतो.

एसी पाणी काढतो ते खोली गार करता करता. थंड कॉइलवर वाफ जमते, नळीतून बाहेर जाते. खोलीत उपसायला उष्णता असेल तोवर काम चोख. जुलैच्या रात्री ती असतेच कुठे? माझी खोली दहा बाय बारा आणि एसी दीड टनी. दुकानदार म्हणाला, 'दीडच घ्या', मीही मान डोलावली. तो पंधरा मिनिटांत खोली गार करून कॉम्प्रेसर बंद करतो. पंखा मात्र अधूनमधून फिरतो, आणि कॉइलवर राहिलेलं पाणी परत हवेत. ओल्या गोणपाटासारखा वास येतो तो नेमका तेव्हा. एक टनी असता तर जास्त वेळ चालला असता आणि पाणीही जास्त काढलं असतं. ड्राय मोडमध्ये पंखा हळू असल्याने साध्या कूल मोडपेक्षा फरक पडतो, हे मान्य.

वास एक वेळ चालला असता. माझं मन उडालं ते कपाटामुळे. सकाळी साडेपाचला मी रियाजाला उठतो. एसी बंद करून दार उघडलं की बाहेरची हवा आत येते, आणि पाच मिनिटांत लोखंडी कपाटाला घाम फुटतो. बोटाने रेघ ओढावी इतका. थेंब ओघळून दाराच्या फटीतून खालच्या कप्प्यात, जिथे हिच्या चवथीच्या साड्या. तबल्याची पुडी गार आणि सैल. गजऱ्यावर हातोडी मारून सूर चढवायचा, तो दोन कायदे वाजवेपर्यंत उतरायचा.

कारण सरळ आहे. धो धो पावसाच्या दिवसांत इथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो, २४-२५ अंशांवर असतो. २२ वर गार झालेली कुठलीही वस्तू त्या हवेत आली की तिच्यावर पाणी धरणारच. म्हणजे ओल घालवायला लावलेला एसीच कपाट भिजवत होता! मग २६ वर ठेवून पाहिला. तेव्हा कॉम्प्रेसर लागेचना, आणि पहाटे वाटीतल्या मिठाचं पाणी.

डीह्युमिडिफायर खोली गार करत नाही, उलट कोमट करतं. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता सुटते, वर मशीनची स्वतःची, आणि ती सगळी खोलीतच राहते. एसी निदान ती बाहेर फेकतो. मे महिन्यात हा शुद्ध छळ ठरेल. पण जुलैत तेच पथ्यावर पडतं, कारण हवा जरा तापली की वाफ तेवढीच असूनही सापेक्ष आर्द्रता उतरते. आमची आजी कपाटात बारीक बल्ब पेटता ठेवायची, त्यातलाच हा प्रकार. आणि गार काहीच होत नसल्याने सकाळी कपाट कोरडं.

त्रास याचेही आहेत. आवाज फ्रिजपेक्षा मोठा. मी संध्याकाळी सात ते अकरा दार-खिडक्या लावून चालवतो आणि झोपताना पंखा. पहाटे मीठ मोकळं असतं. झड लागलेली असेल तर कडेने थोडं ओलावतं, खोटं कशाला सांगू. पहिल्याच दिवशी पाच लिटरची टाकी भरून मशीन बंद पडलं तेव्हा मला ते बिघडलंय असंच वाटलं. हिशेब केला तर एवढ्या खोलीच्या हवेत जेमतेम पाऊण लिटर पाणी मावतं. बाकीचं गादीतलं, भिंतीतलं, पुस्तकांतलं आणि फटींतून आत येणारं. चारेक दिवसांनी ओघ मंदावला. तरी टाकी ओतत बसू नका, नळी जोडून बाल्कनीच्या मोरीत सोडा. खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यालाही भुलू नका. तो बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो, खोली कोरडी होत गेली की पाणी बरंच कमी निघतं.

डिचोलीच्या आमच्या कौलारू घरात मात्र मी यातलं काहीच नेलं नाही. कौलांमधून वारा खेळतो तिथे मशीनने पाणी ओढायचं म्हणजे मांडवी उपसण्यासारखं.

एसी अजून घेतलाच नसेल आणि पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर एसी घ्या, फक्त खोलीला बेताचा. तो आधीच असेल आणि आता महागडा इन्व्हर्टर एसी घेऊन ओल जाईल अशा आशेवर असाल, तर माझ्या मते तेच पैसे डीह्युमिडिफायरला घाला. वाळपई-सांग्याकडे, जिथे किनाऱ्यापेक्षा जास्त पडतो, तिथे तर दुसरा विचारही करू नये. समुद्राजवळ वरच्या मजल्यावर, वाऱ्याच्या घरात राहणाऱ्यांचा अनुभव वेगळा असू शकेल.

चवथीत मशीन बंदच असतं. घर सताड उघडं, पाहुण्यांची ये-जा, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली समया. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी नळी काढून मुद्दाम टाकी लावतो. मुलांना किती भरते ते बघायचं असतं.