हिवतापाचे दुहेरी रॅपिड किट : निदानाला उत्तम, पाठपुराव्याला अपुरे

फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे दोन्ही परजीवी एकाच पट्टीवर ओळखणारे रॅपिड किट हे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे पावसाळ्यात नाले भरले की रक्ताची काचपट्टी प्रयोगशाळेत वेळेत पोहोचणे अवघड होते, आशाताईंच्या हातातले सर्वांत उपयोगी साधन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बोटाला सुई टोचून जेमतेम ५ मायक्रोलिटर रक्त घ्यायचे, ते पट्टीच्या खाचेत सोडून वर द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पाकिटावर दिलेली वेळ, बहुधा १५ ते २० मिनिटे, थांबायचे. नियंत्रण रेषा उमटली नाही तर किट बाद समजावे. ती उमटून सोबत दुसरी रेषा दिसली, मग ती कितीही फिकी असो, तर तपासणी पॉझिटिव्ह धरावी.

मात्र त्या रेषेवरून रुग्णाच्या किती तांबड्या पेशी मेल्या आणि अजून किती मरणार, हे कळत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. परजीवी पेशीतले हिमोग्लोबिन खाऊन वाढतो आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो, हे सर्वांना ठाऊक असते; परंतु हिवतापात परजीवी न शिरलेल्या पेशीही मोठ्या संख्येने नष्ट होतात. पेशीच्या पटलाच्या आतल्या बाजूला असणारे फॉस्फॅटिडिलसेरीन हे मेदद्रव्य बाहेरच्या बाजूला आले की शरीरातील भक्षक पेशी ती खूण ओळखून त्या तांबड्या पेशीला गिळतात. एरिप्टोसिस नावाचा हा मृत्यू बाधित पेशींच्या वाट्याला लवकर आला तर शरीराचा फायदाच होतो, आणि विदर्भातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल वाहकांना गंभीर फाल्सिपेरमपासून जे संरक्षण मिळते, त्यामागे बाधित पेशी लवकर हटवल्या जाणे हे एक कारण मानले जाते. निरोगी पेशीही त्याच वाटेने जाऊ लागल्या की रक्तक्षय बळावतो. एका बाधित पेशीमागे फाल्सिपेरममध्ये सुमारे ८, तर व्हायवॅक्समध्ये ३०हून अधिक निरोगी पेशी नष्ट होतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणून रेषा फिकी आहे, एवढ्यावरून आजार सौम्य समजू नये.

उपचारानंतर तर हे किट दिशाभूलही करू शकते. फाल्सिपेरमची रेषा ज्या एचआरपी-२ प्रथिनामुळे उमटते, ते परजीवी मेल्यावरही कित्येक आठवडे रक्तात राहते, त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णाची तपासणीही पॉझिटिव्ह येते. उलट, ताप उतरल्यावरही हिमोग्लोबिन काही दिवस घसरत राहू शकते आणि शिरेतून आर्टेसुनेट हे हिवतापाचे औषध दिलेल्या काही रुग्णांत एक ते तीन आठवड्यांनी पेशी नव्याने फुटू लागतात. यातले काहीच पट्टीवर दिसत नाही. पाठपुराव्यासाठी काचपट्टी आणि हिमोग्लोबिन या दोन्ही तपासण्या कराव्यात.

खासगी दवाखान्यांनी हे किट जरूर ठेवावे, पण पाकिटावरची तापमानाची मर्यादा पाळावी. व्हायवॅक्सची रेषा आल्यावर १४ दिवसांचे प्रायमाक्विन लिहिण्यापूर्वी शक्य तिथे जी-६-पीडी तपासणी करून घ्यावी, कारण या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या रुग्णाच्या तांबड्या पेशी त्या औषधानेच फुटू शकतात.