आयस्कॅटचा मॅड्रिगल डेटा : घनतेला साडेचार तारे, प्लाझ्मा लहरींना दोनच

आयस्कॅट म्हणजे वरच्या वातावरणातल्या विद्युतभारित थराचा (आयनोस्फिअरचा) अभ्यास करणारी उत्तरेकडची रडारं. त्यातली नॉर्वेतल्या ट्रॉम्सोजवळची 32 मीटरची तबकडी (सुमारे 930 मेगाहर्ट्झ) आणि स्वालबार्डचं 500 मेगाहर्ट्झचं रडार यांचा विश्लेषित डेटा मॅड्रिगल या ऑनलाइन डेटासंग्रहावर फुकट मिळतो. नाव, ईमेल, संस्था भरा, दिवस निवडा, एचडीएफ5 फाइल उतरवा. इलेक्ट्रॉनांचं तापमान वेगळं दिलं नसेल तर आयनांच्या तापमानाला फाइलमधल्या इलेक्ट्रॉन-आयन तापमान गुणोत्तराने गुणायचं. इथवर तक्रारीला जागा नाही.

घोडं अडतं ते ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) पेटल्यावर. चुंबकीय रेषेच्या दिशेने रोखलेल्या रडारच्या वर्णपटात आयन-ध्वनी लहरींचा (प्लाझ्मातल्या ध्वनीसारख्या लहरींचा) एखादा खांदा, म्हणजे उंचवटा, कधीकधी औष्णिक (नुसत्या उष्णतेमुळे येणाऱ्या) पातळीच्या कितीतरी पट उसळतो. ग्विसडॅप या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचं फिटिंग मात्र औष्णिक वर्णपट गृहीत धरतं. मग घनता फुगते, तापमानं भलतीच येतात किंवा फिट बसतच नाही. फसवं असं की काही आकडे अगदी खरे वाटतात! शिवाय या लहरी सेकंदाच्या आतही बदलतात; 60 सेकंदांच्या सरासरीत त्यांचा मागमूस उरत नाही.

म्हणून लहरींसाठी कच्चा डेटाच घ्या आणि प्रत्येक डंपचा (रडारने एका वेळी साठवलेल्या नोंदीचा) वर्णपट डोळ्यांनी पाहा. उपग्रहाचा प्रतिध्वनीही असाच भासतो, पण तो साधारण एका पल्सच्या लांबीइतक्याच पट्ट्यात दिसतो. आणखी एक: 930 मेगाहर्ट्झला फक्त 16 सेंटिमीटरच्या लहरी दिसतात, 500 ला 30 च्या. एक रडार गप्प असलं म्हणून लहरी नव्हत्याच, असं लिहू नका.