याझूची 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स' सीडी : कॅसिओवाल्यांनी तं घ्याच

आमच्या पट्ट्यात इंग्लिश गाणे ऐकणारे कमीच, पण दारव्हा-दिग्रस-नेरकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नाहीतर भजनी मंडळात जो कोणी कॅसिओ वाजवते त्यानं ही सीडी ऐकलीच पाहिजे. मी स्वतः कॅसिओवाला आहे, सिझन संपला की घरी निवांत हेच ऐकून राहिलो सध्या.

याझू हा बँड म्हणजे दोनच माणसं. व्हिन्स क्लार्क मशीनवर, म्हणजे सिंथेसायझर कीबोर्डवर, अन् ॲलिसन मॉये गायला, दोघंही इंग्लंडात एसेक्समधल्या बॅसिल्डनचे. व्हिन्स आधी डिपेश मोड नावाच्या बँडमध्ये होता, तिथले सुरुवातीचे हिट गाणे त्याचेच, पण पहिला अल्बम निघाला अन् १९८१ संपता संपता हा बाहेर पडला. तिकडं ॲलिसननं 'मेलडी मेकर' पेपरात जाहिरात टाकली होती, तिला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतलं जुनं दर्दभरं संगीत, वाजवणारे लोक पाहिजे होते, अन् फोन आला कोणाचा तं या सिंथेसायझरवाल्याचा! मार्च १९८२ मध्ये 'ओन्ली यू' आलं, तिकडच्या चार्टवर थेट २ नंबर, मग 'डोन्ट गो' ३ नंबर, अन् ऑगस्टमध्ये हा अल्बम. नावातला एरिक म्हणजे एरिक रॅडक्लिफ, लंडनच्या एका जुन्या चर्चमध्ये त्याचा ब्लॅकविंग स्टुडिओ होता, तिथंच हे सगळं रेकॉर्ड झालं.

आता मेन गोष्ट. 'ओन्ली यू' हेडफोन लावून ऐका अन् फक्त कीबोर्डकडं लक्ष द्या. एकेक सूर सुटा, टिचकी मारल्यासारखा, मधात जागा मोकळी, ऱ्हिदम पण बारीक. आपण काय करतो तं स्ट्रिंग लाव, ब्रास लाव, ऑटो ऱ्हिदम फुल, अन् गाणारी बाई बिचारी त्याच्याखाली दबून जाते. इथं व्हिन्सनं मशीन मागं ठेवली अन् ॲलिसनच्या भरदार, खर्जातल्या आवाजाला अख्खं मैदान सोडलं. ती तेव्हा फक्त २० वर्षांची होती बाप्पा, अन् आवाजात केवढं दुःख! 'मिडनाइट' ऐका, तिथं तं ती शब्द ओढते तसा मशीनचा सूरही जिवंत वाटायला लागते. 'डोन्ट गो'चा सुरुवातीचा तुकडा कॅसिओवर बसवून पाहा, सोपा आहे अन् स्टेजवर लय साजरा वाजते.

सगळंच भारी आहे असं नाही. चौथं गाणं म्हणजे नुसते एकावर एक बोललेले आवाज, मी तं दरवेळी पुढं ढकलतो. 'विंटर किल्स' मात्र घाईत ऐकू नका, रात्री ऐका.

पुढची गोष्ट ऐकून जीव हळहळते. दोघांचं जमलंच नाही. दुसरा अल्बम 'यू अँड मी बोथ' जुलै १९८३ मध्ये आला, १ नंबरवर गेला, पण तोवर जोडी फुटून गेली होती. त्यात 'हॅपी पीपल' ॲलिसननं गायला नकार दिला म्हणून व्हिन्सनं स्वतः म्हटलं, अन् ते कळतेच, गाणं पार उघडं पडते. उलट 'नोबडीज डायरी' ॲलिसननं लिहिलेलं, ते जबरदस्त आहे. जेमतेम दीड वर्षात दोन अल्बम अन् खेळ खतम. मग व्हिन्सनं इरेजर नावाचा बँड काढला, ॲलिसनचा एकटीचा अल्बम 'आल्फ' १९८४ मध्ये आला, दोघांचंही चांगलं झालं, अन् २००८ मध्ये काही शोसाठी एकत्रही आले, पण नवीन अल्बम नाहीच केला राव. दोघांपैकी एकानं जरी थोडं नमतं घेतलं असतं तं तिसरा अल्बम काय झाला असता, याचा मी अजूनही विचार करतो.

आता खरेदीचं सांगतो. सेकंडहँड सीडी ऑनलाइन मागवली, विकणाऱ्यानं पॅकिंग अगदीच फालतू केलं होतं, डबीचं झाकण तुटून आलं, पण सीडीवर ओरखडा नाही. गावात कुरिअर येत नाही, दारव्ह्याला जाऊन आणावं लागते. एक ध्यानात ठेवा, अमेरिकेत याझू नावाची ब्लूजची रेकॉर्ड कंपनी आधीच होती म्हणून तिकडं हाच बँड 'याझ' नावानं विकला गेला, तं शोधताना दोन्ही नावं टाका, नाहीतर आहे तो माल दिसणार नाही. एकच घ्यायची असेल तं हीच घ्या, पैसे उरले तं मग दुसरी.