कॉन्डो बँकेच्या हवाली करावा की फोरक्लोजर होऊ द्यावं?

अमेरिकेत कॉन्डोचे, म्हणजे सोसायटीतल्या मालकीच्या फ्लॅटचे, कर्जाचे हप्ते थकले आणि विकूनही कर्ज फिटत नसेल, तर ‘डीड-इन-लू’चा पर्याय असतो: मालकी आपणहून बँकेच्या नावे करायची आणि गहाणातून सुटायचं. नाहीतर फोरक्लोजर, म्हणजे जप्ती आणि लिलाव.

क्रेडिट रिपोर्टवर डाग दोन्हींचा सात वर्षं राहतो. पण नव्या गृहकर्जासाठी फॅनी मे या बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार डीड-इन-लूनंतर सर्वसाधारणपणे 4 वर्षं थांबावं लागतं, फोरक्लोजरनंतर 7. मुलं शाळेत असतील तर ही तीन वर्षं फार मोठी असतात.

कॉन्डोत खरी गोम असोसिएशनच्या, म्हणजे तिथल्या सोसायटीच्या, मेंटेनन्सची. चाव्या ओट्यावर ठेवून तुम्ही निघून गेलात, तरी मालकी बदलेपर्यंत दरमहा बिल तुमच्याच नावावर चढतं. न्यू जर्सीत फोरक्लोजर कोर्टातून होतं, त्यामुळे ते बराच काळ लांबतं. तेवढा काळ डोक्यावर छप्पर राहतं हे खरं, आणि ज्याला जायला जागाच नाही त्याला मी घाई करायला सांगणार नाही.

बाकीच्यांनी आधी डीड-इन-लू मागावं असं मला मनापासून वाटतं. बँकेवर सक्ती मात्र नसते. दुसरं कर्ज किंवा मेंटेनन्सचा बोजा असेल तर ती बहुधा नकार देते. होकार आलाच, तर उरलेली रक्कम मागणार नाही हे करारात लेखी घ्या. फोनवरचा शब्द धरू नका. माफ झालेल्या रकमेसाठी 1099-सी हा कर खात्याचा फॉर्म येऊ शकतो, म्हणजे ती रक्कम उत्पन्न धरली जाऊ शकते. सही करण्याआधी सीपीएला, म्हणजे तिथल्या परवानाधारक हिशेबनीसाला, दाखवा.