दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड फेरीबोट: वरुडकडून गाडी नेणाऱ्यांसाठी

समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या वरुड-मोर्शी भागातून स्वतःची गाडी काढून समुद्राकडे जाणारे बरेच झाले आहेत. त्यांना एवढंच सांगायचं आहे, किनाऱ्यावर पोचल्यावर खाडी आडवी आली तर पुन्हा घाटरस्त्याला लागू नका. गाडी बोटीवर चढवा. ही सेवा मला मनापासून आवडली आहे.

बायकोचं माहेर गुहागर. तिची मावशी हर्णैला आणि धाकटी बहीण मालगुंडला दिलेली. नकाशात तिन्ही गावं एका ओळीत, एकाच किनाऱ्यावर. पण हर्णै आणि गुहागरच्या मधे वाशिष्ठीची खाडी, गुहागर आणि मालगुंडच्या मधे शास्त्रीची. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं धोपावे डोळ्यांना दिसतं, पण रस्त्यानं गुहागर गाठायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा. रेल्वे आणि एसटीनं जायचो तेव्हा या फेऱ्यापायी मावशीचं घर दरवेळी राहायचं. ज्या मावशीनं हिला लहानपणी सांभाळलं, तिच्याशी फक्त फोनवर बोलायचं. आता माहेरी जाताना पहिला मुक्काम मावशीकडे असतो, आणि तो बोटीमुळे असतो.

वरुड ते कोकण हा पल्ला मोठा आहे. अमरावतीवरून पुढे जाऊन समृद्धी धरायची. 701 किलोमीटरचा हा रस्ता 5 जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला आहे. रस्ता उत्तम, पण इतका सरळ की डोळा लागायची भीती. 120 ची मर्यादा पाळा, टायर निघण्याआधी तपासून घ्या आणि दोघांनाही चालवता येत असेल तर आलटून पालटून चालवा. जेवणाचा डबा घरून न्या. वाटेतल्या एका उपाहारगृहात आम्हाला सकाळचे पोहे दुपारी गरम करून वाढले होते. त्यापेक्षा आईनं बांधून दिलेल्या पोळ्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी कितीतरी बरी. पुढे पनवेल, माणगाव, मंडणगड करत दापोली.

हर्णैहून दाभोळला कर्दे, लाडघर, बुरोंडी असा समुद्राच्या कडेकडेनं रस्ता आहे. अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, घाई करू नका.

आता बोटीचं. खिडकीवर तिकीट मिळतं, गाडीचं वेगळं आणि माणसांचं वेगळं. मग उताराच्या धक्क्यावर रांगेत उभं राहायचं. बोट येते, पुढचा लोखंडी फळा धक्क्यावर टेकतो, आधी आतल्या गाड्या उतरतात, मग आपल्या चढतात. फळ्यावर चाक गेलं की खणकन आवाज होतो आणि गाडीचं नाक वर उचललं जातं. आत बोटीवरचा माणूस हातानं खुणा करत असतो. सरळ घ्यायची की रिव्हर्समध्ये, किती डावीकडे, सगळं तोच सांगतो. त्याच्या हाताकडे बघायचं, गाडीतल्या लोकांच्या सूचना बंद ठेवायच्या. तो दोन गाड्यांत जेमतेम वीतभर जागा सोडून लावून घेतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना आधीच उतरवून पायी चढवा. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि मग खाली उतरून कठड्याशी जा.

निघताना आईचा जीव वर-खाली झाला होता. “गाडी बोटीवर चढवतेत? अन् बुडली म्हंजे? काऊन बा, रस्ता नाही का तिकडे?” तिला मी बोटीवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. शेजारी विटांनी भरलेला टेम्पो, त्यापुढे दोन मोटारसायकली, शाळेच्या गणवेशातल्या पोरी आणि माशांच्या टोपल्या घेतलेल्या बाया, असं सगळं तिनं पाहिलं. टेम्पो पाहून तिला धीर आला. आपल्याकडे सिंभोऱ्याच्या धरणात डोंगा पाहिलेल्या माणसाला ही बोट किती रुंद आणि स्थिर आहे हे सांगून पटत नाही. खाडी ओलांडायला पंधरा मिनिटंही पुरतात. डिकीत आंबिया बहाराच्या संत्र्यांची दोन कॅरेट होती, त्यातली चार-पाच फळं मी खुणा करणाऱ्या त्या माणसाला दिली. त्यानं एक तिथंच सोललं.

धोपाव्याला उतरल्यावर गुहागर वीस किलोमीटरच्या आत आहे. सासूबाईंनी पाणी उकळायला ठेवलंय म्हणून फोन येतो तोवर आपण दारात असतो.

पुढे मालगुंडला जाताना वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळ आणि तिथून बोटीनं जयगड. पद्धत तीच.

काळजी घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. ओहोटीला पाणी खाली गेलेलं असतं, धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. बुटक्या गाडीचं पोट घासू शकतं, म्हणून पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, हळू चढवा. दुसरं म्हणजे रात्री बोटी बंद होतात आणि पावसाळ्यात वारा वाढला की थांबवतात. शेवटच्या बोटीची वेळ निघायच्या आधी तिथल्या सोयऱ्यांना विचारून ठेवा. एका धक्क्यावर रांगेत सावली अजिबात नव्हती, सोबत पाणी आणि टोपी असू द्या.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गात दाभोळ आणि जयगडच्या खाड्यांवर पूल बांधायचं ठरलं आहे. पूल व्हायलाच पाहिजेत. अर्ध्या रात्री दवाखान्यात पोचायचं असेल तर बोटीची वाट बघत बसता येत नाही, हे तिथल्या माणसांकडून ऐकलं आहे. तोवर मात्र सुट्टीत गाडी घेऊन जाल तर दोन्ही बोटींनी जा. दिवाळी आणि नाताळच्या गर्दीत रांग लांब लागते, त्या दिवसांत सकाळी लवकरची बोट पकडा.